सॅलिसिलिक ॲसिडला बंदी नको, पण टक्का आणि धोका पाकिटावर मराठीत छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल, की पिंपल्सच्या फेसवॉशमध्ये जे सॅलिसिलिक ॲसिड असतं ते युरोपात बॅन आहे, त्याने पुढे मूल होत नाही, आणि आपल्याकडे मात्र कंपन्या ते बिनधास्त विकतात. माझं मेडिकल आहे, फार्मसी शिकून काउंटरवर बसून बरीच वर्षं झाली, त्यामुळे हा मेसेज पुढे धरून कोणी ना कोणी विचारतंच की हे खरं का, पोरीचा फेसवॉश फेकून देऊ का. काळजीची गोष्ट अशी की तेच गिऱ्हाईक जाता जाता वडिलांच्या पायाच्या कुरुपासाठी कॉर्न कॅप मागतं आणि त्याबद्दल एक अक्षर विचारत नाही, त्या कॅपमध्ये तेच ॲसिड चाळीस टक्क्यांपर्यंत असतं आणि वडिलांना शुगर असते. म्हणजे भीती आहे ती नको तिथे, आणि जिथे हवी तिथे नाहीच. म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय पण छापाल अशी आशा आहे.

आधी त्या मेसेजचं बघू. युरोपात हे बॅन नाहीये, तिथे मर्यादा घातल्यात. शॅम्पूसारख्या धुवून टाकायच्या केसांच्या वस्तूंत ३ टक्के, चेहऱ्याचं क्रीम, सीरम, फेसवॉश अशा बाकी बहुतेक वस्तूंत २ टक्के, आणि २०२१ च्या नियमात बॉडी लोशन, लिपस्टिक, मस्कारा, आयलायनर ह्यांच्यासाठी ०.५ टक्के ठेवलं, कारण बॉडी लोशन अंगभर लागतं आणि अंगभर लागलं की रक्तात जाणारं ॲसिड वाढतं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या वस्तूंत ते घालायचं नाही, फक्त शॅम्पू खराब होऊ नये म्हणून त्यात घालायला तेवढी थोडी सवलत आहे. नाकातोंडातून फुप्फुसात जाईल अशा स्प्रेमध्येही चालत नाही.

मूल न होण्याची भानगड कुठून आली तर तिकडच्या केमिकल्सच्या यादीत सॅलिसिलिक ॲसिडवर गर्भाला अपाय होण्याचा संशय आहे असा शिक्का आहे, आणि हा शिक्का खरा आहे, तो कोणी व्हॉट्सॲपवर बनवलेला नाही. पण तो मारलाय प्राण्यांना पोटातून मोठे डोस देऊन जे दिसलं त्यावरून. चेहऱ्यावर मिनिटभर फेस करून धुतलेल्या फेसवॉशमधून त्याच्या जवळपासही काही जात नाही. हा शिक्का बसल्यावर युरोपच्या शास्त्रज्ञांच्या कमिटीने २०१८ मध्ये सगळं परत तपासलं आणि मोठ्या माणसांसाठी ह्या मर्यादेत वापरायला हरकत नाही असं सांगितलं. अमेरिकेत पिंपल्ससाठी दुकानात सरळ मिळणाऱ्या औषधात ०.५ ते २ टक्के चालतं, कोंड्यासाठी १.८ ते ३ टक्के. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर गरोदरपणात पिंपल्सवर लावायला जी साधी औषधं चालतील म्हणून सांगितलीत त्यात सॅलिसिलिक ॲसिडचं नाव आहे. तरी दिवस गेलेल्या ताईंनी डॉक्टरच्या कानावर घालूनच वापरावं, आणि पार्लरमधलं पील, म्हणजे कातडीचा वरचा थर सोलून काढणारं कडक ॲसिड, किंवा अंगभर चोळायचं मलम ह्या नादाला त्या काळात लागूच नये, ते वेगळं प्रकरण आहे.

हे ॲसिड काही नवीन नाही. विलो नावाच्या झाडाच्या सालीत ह्याचा भाऊबंद सापडला, त्यावरून एकोणिसाव्या शतकात हे ॲसिड बनवलं आणि पुढे त्यातूनच ॲस्पिरिन आलं. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो ना तो त्याच कुळातला. मुद्दाम सांगतोय कारण हल्ली बाटलीवर ‘नॅचरल विलो बार्क’ असं लिहिलं की लोकांना वाटतं हे झाडपाल्याचं, ह्याने काही होणार नाही. ज्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे, गोळी घेतली की दम लागतो, अंगावर गांधी उठतात, त्यांनी सॅलिसिलिक असो की विलो बार्क, दोन्हीपासून लांब राहावं.

ते काम कसं करतं हे कळलं की धोका आपोआप कळतो. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, हे ॲसिड तो चिकटा सैल करतं. तेलात विरघळतं म्हणून तेलकट छिद्रात उतरतं, आतला चोंदा मोकळा करतं, त्यामुळे ब्लॅकहेड आणि बारीक पिंपल्सना गुण येतो. पण हा वरचा थर म्हणजे शरीराची कुडाची भिंत आहे, ती थोडी खरवडली तर मळ निघतो आणि जास्त खरवडली तर बाहेरचं सगळं आत शिरतं. म्हणून नुसतं सॅलिसिलिक ॲसिड सेफ आहे का ह्या प्रश्नाला उत्तर नाही. किती टक्के, केवढ्या जागेवर, किती वेळ, वरून झाकलंय का उघडं आहे आणि कातडी कोणाची आहे, हे पाच प्रश्न विचारायला लागतात, आणि नेमकी ह्यांचीच उत्तरं पाकिटावर धड नसतात.

चेहऱ्याचं थोडक्यात सांगतो. दोन टक्क्यांच्या एका फेसवॉशने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते असं की मुली रील बघून फेसवॉश सॅलिसिलिकचा, टोनर सॅलिसिलिकचा, वर सीरम सॅलिसिलिकचं आणि पिंपलवर लावायचा जेलही तोच आणतात, शिवाय आठवड्याला स्क्रब, आणि लग्नाला जायचं म्हणून शनिवारी ब्लीच. प्रत्येक बाटली आपापल्या मर्यादेत असते हो, पण चेहरा एकच असतो. मग आग होते, पोपडे निघतात, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला एक खोड आहे की जिथे जळजळ झाली तिथे नंतर काळा डाग राहतो, तो महिनोन् महिने जात नाही. पिंपल परवडला पण तो डाग नको असं त्या पोरी स्वतः येऊन सांगतात. उन्हात जाताना सनस्क्रीन लावायचं तर कोणी सांगतच नाही.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०१४ मध्ये एक वॉर्निंग काढली होती की पिंपल्सच्या अशा औषधांनी, म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडवाल्या, क्वचित कोणाला भयंकर ॲलर्जी येते, घसा आवळतो, ओठ-डोळे सुजतात, चक्कर येऊन माणूस पडतो. १९६९ पासून २०१३ पर्यंत त्यांच्याकडे अशा १३१ केसेस आल्या होत्या. वापरणाऱ्यांच्या मानाने आकडा लहान आहे, पण त्यांनी सांगितलेला उपाय सोपा आहे, नवीन वस्तू आणली की पहिले तीन दिवस एखाद्या छोट्याशा जागेवरच थोडी लावून बघायची आणि काही झालं नाही तरच पुढे वापरायची. एवढंही कुठल्या डब्यावर ठळक दिसत नाही. आणि ऑनलाइन जी वीस-तीस टक्क्यांची पील मिळतात ती तर घरी आणूच नका. ती स्किनच्या डॉक्टरने घड्याळ समोर ठेवून लावायची आणि वेळेवर काढायची गोष्ट आहे. २०२४ मध्ये एफडीएने अशा पीलबद्दल वेगळी वॉर्निंग दिलीये की डॉक्टरच्या देखरेखीशिवाय विकत घेऊ नका, वापरू नका.

आता पायाकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

कॉर्न कॅप बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, गोल चिकटपट्टी असते, मध्ये औषधाची टिकली आणि तिच्याभोवती जाड मऊ कडं. कुरुपावर नेम धरून टिकली बसवायची, पट्टी चिकटवायची आणि काही दिवस तशीच ठेवायची. टिकलीतल्या ॲसिडने कुरुपाची टणक कातडी पांढरी पडते, भिजलेल्या कागदासारखी मऊ होते आणि मग गरम पाण्यात पाय बुडवून ती सोलून काढायची. तरुण, धडधाकट माणसाला ह्याने छान गुण येतो, स्वस्त आहे, मी स्वतः हवं त्याला देतो. पण तो ॲसिडचा गोल काही कुरूप ओळखत नाही. चालताना पट्टी जराशी सरकली, घामाने सैल झाली, की टिकली शेजारच्या चांगल्या कातडीवर बसते आणि तिथेही तेच काम सुरू करते, तेही वरून झाकलेलं आणि चपलेच्या दाबाखाली. चांगल्या पायाला लगेच चुरचुरतं, माणूस पट्टी ओढून काढतो. ज्याची शुगर दहा-पंधरा वर्षांची आहे त्याच्या तळपायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, त्याला चुरचुरतच नाही.

आमच्याकडचे एक रिक्षावाले काका, शुगरच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात. त्यांनी बाहेरगावी कुठल्यातरी दुकानातून कॅप घेतली आणि करंगळीच्या खालच्या कुरुपावर लावली, दुखत नाही म्हणून आठवडाभर बघितलंच नाही. काकूंना मोज्याला ओल लागलेली दिसली तेव्हा पट्टी काढली तर खाली रुपयाएवढी जागा पांढरीफटक होऊन मधून लाल मांस दिसत होतं. काका मला म्हणाले, “दुखलं असतं तर लगेच काढली असती की हो.” पुढे ती जखम चिघळली, ॲडमिट व्हावं लागलं, ड्रेसिंग कित्येक महिने चाललं, रिक्षा उभी राहिली ती राहिलीच. पाय वाचला हे नशीब. डायबिटीसच्या पायाची छोटी जखम कुठवर जाते हे सरकारी दवाखान्याच्या सर्जरी वॉर्डात एक चक्कर मारली तरी कळतं, बोट काढलेली, पाऊल काढलेली माणसं तिथे बसलेली असतात आणि विचारलं तर बऱ्याच जणांची सुरुवात चप्पल लागली, नख काढलं, कुरूप कापलं अशीच असते.

अमेरिकेत कुरूप आणि चामखिळीच्या औषधावर सरळ लिहायला लागतं, डायबिटीस असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर वापरू नका. आपल्याकडच्या पाकिटांवर हे एक तर नसतं, नाहीतर आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या इंग्रजीत असतं, आणि सुटी पट्टी विकली तर तो कागदही गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही. ज्यांना कुरूप होतं ती माणसं कोण असतात हो, शेतात अनवाणी राबणारी, दिवसभर उभं राहून काम करणारी, कडक चपला घालणारी, वयस्कर. त्यांच्यासाठी ते इंग्रजी छापलं काय आणि न छापलं काय, सारखंच.

चामखिळीच्या पेंटचं पण तसंच. सॅलिसिलिक ॲसिड १६.७ टक्के आणि तेवढंच लॅक्टिक ॲसिड, कोलोडिअनमध्ये, म्हणजे लावलं की सुकून पापुद्रा धरणाऱ्या पातळ द्रवात. कोलोडिअन झटकन पेट घेतो, त्यामुळे गॅसजवळ किंवा देवासमोर निरांजन चालू असताना बाटली उघडायची नाही, हे सांगणारा दुकानदार मला विरळाच दिसला. चेहऱ्यावरच्या, जांघेतल्या, केस उगवलेल्या चामखिळीला आणि जन्मापासूनच्या तिळाला ते लावायचं नाही, आणि तीळ अचानक वाढायला लागला, रंग बदलला, रक्त यायला लागलं तर त्यावर पेंट लावत बसण्यापेक्षा तडक डॉक्टरला दाखवायचं.

अजून एक प्रकार, जो माझ्या मते सगळ्यात जास्त पसरलाय. सोरायसिससाठी किंवा जाड झालेल्या खाजऱ्या चट्ट्यांसाठी सॅलिसिलिक ॲसिड आणि स्टेरॉइड एकत्र केलेली मलमं येतात. सॅलिसिलिकने वरचा थर सैल होतो आणि स्टेरॉइड जास्त आत जातं, म्हणून जाड कातडीला ते चांगलं औषध आहे, डॉक्टरने ठरवलेल्या दिवसांपुरतं. लोक ते गजकर्णाला लावतात. पहिले दोन-चार दिवस खाज एकदम थांबते त्यामुळे वाटतं जादू झाली, आत बुरशी मात्र मजेत वाढते कारण स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती झोपवलेली असते, महिन्याभरात पैशाएवढं गजकर्ण कमरेभर होतं आणि जांघेत कातडी पातळ होऊन चिरा पडतात. मग रिकामी ट्यूब घेऊन येतात, “हेच द्या, ह्यानेच बरं वाटतं”. २०१८ मध्ये सरकारने लावायची १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, स्किनच्या डॉक्टरांच्या संघटनेने त्यासाठी बरीच धडपड केली होती. तरी ती चिठ्ठीशिवाय विकली जातात हे आमच्या धंद्यातल्या कोणीही छातीवर हात ठेवून नाकारू नये. ह्याच्या उलट नुसतं सॅलिसिलिक ३ टक्के आणि बेन्झोइक ॲसिड ६ टक्के असलेलं जुनं व्हिटफिल्डचं मलम, ज्याने आपल्या आधीच्या पिढीची गजकर्णं बरी झाली, ते मागणारं आता कोणी राहिलं नाही, कारण ते थोडं झोंबतं आणि हळूहळू काम करतं.

लहान मुलांच्या आयांना हात जोडून एक सांगणं. काही मुलांची कातडी जन्मापासून कोरडी, खवल्यांची असते, आणि त्यांना शेजारी कोणीतरी सहा किंवा बारा टक्क्यांचं मलम सुचवतं, आमच्या अमक्याला ह्यानेच बरं वाटलं म्हणून. मोठ्या माणसाच्या टाचेला जे चालतं ते बाळाच्या अंगभर चोळलं तर ॲसिड रक्तात उतरून ॲस्पिरिन जास्त झाल्यासारखी विषबाधा होते, उलट्या, जोरात श्वास, सुस्ती. मोठ्यांना कान गुंई गुंई वाजल्यासारखे होतात, बाळाला ते सांगता येत नाही. वरून डायपर किंवा प्लास्टिक गुंडाळलं तर अजून जास्त आत जातं. अशी लक्षणं दिसली तर मलम धुवून टाका आणि ट्यूब सोबत घेऊन दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

एवढं सगळं लिहून बंदी घाला असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या गरजेच्या औषधांच्या यादीत सॅलिसिलिक ॲसिड आहे, ते स्वस्त आहे, गरिबाला परवडतं, कोंडा, कुरूप, चामखीळ, सोरायसिस, पिंपल्स सगळीकडे उपयोगी पडतं. बंदी घातली की ते काळ्या बाजारात बिनलेबलचं मिळेल आणि अजून वाईट होईल.

माझी मागणी साधी आहे. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ब्रँडच्या नावाखाली टक्का मोठ्या आकड्यात असावा, मग तो फेसवॉश असो की कॉर्न कॅप. आत्ता जो पुढे छापतो तो जाहिरात म्हणून छापतो, आणि ज्याला छापायचं नाही तो मागे घटकांच्या यादीत नुसतं नाव टाकून मोकळा होतो, तिथे टक्का नसतोच. दुसरं, कुरूप-चामखिळीच्या प्रत्येक पाकिटावर, बॉक्सवर नाही तर सुट्या पाकिटावर, मराठीत एक ओळ, ‘शुगर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका’, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी पायावर फुली मारलेलं एक चित्र. पाकीटबंद मालाच्या नियमात मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला तरी चालतो, पण त्याच्या जोडीला दुसऱ्या भाषेत छापायला कोणाची मनाई नाही. महाराष्ट्रात एवढा धंदा करणाऱ्या कंपन्यांना मराठीत एक ओळ छापणं जड जाऊ नये, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मनावर घेतलं तर त्यांना तसं सांगताही येईल. घरी वापरायची म्हणून ऑनलाइन विकली जाणारी वीस-तीस टक्क्यांची पील त्यांनी एकदा तपासावीत हीही विनंती.

आणि माझ्या दुकानदार बांधवांना, कॉर्न कॅप किंवा चामखिळीचं पेंट काउंटरवर ठेवण्याआधी फक्त “शुगर आहे का?” एवढं विचारा. ‘हो’ म्हणाले तर देऊ नका, जवळच्या डॉक्टरकडे पाठवा. एका पाकिटाचा गल्ला बुडेल, तो बुडू द्या.

वाचकांपैकी कोणाला ह्यातल्या कुठल्या औषधाने त्रास झाला तर ट्यूब किंवा पाकीट फेकून देऊ नका, त्यावर बॅच नंबर असतो, आधी डॉक्टरला दाखवा आणि मग औषधांचे दुष्परिणाम कळवायचा सरकारचा टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४, तिथे फोन करून कळवा. पेशंट स्वतः किंवा घरचं माणूस फोन करू शकतं, डॉक्टरच लागतो असं नाही. तक्रारी पोचल्याच नाहीत तर लेबल बदलायची गरज आहे हे वरती कोणाला कळणार कसं.

कळावे,
आपला,
एक औषध विक्रेता, जि. सांगली